वही कोणाकडे आहे?

तुमचं पत्र वाचलं. लालबागला आजोबांच्या काळापासून चालत आलेलं मसाल्याचं दुकान, मागच्या बाजूला मसाला कुटायचा डंका. बाबांनी साठी ओलांडलेली. तुम्ही नोकरी सोडून दुकानात बसायचं म्हणताय आणि बाबा म्हणतात, गाळा कुणाला तरी भाड्याने देऊन मोकळं व्हावं. तुमचा प्रश्न असा की डिजिटल तंत्रज्ञान धंदा बदलतंय, जगाची अर्थव्यवस्था बदलतंय, हे रोज कानावर पडतं. पण नेमकं काय बदलतंय, आणि त्यात आपल्यासारख्या दुकानाला जागा उरते का?

मी तीस-बत्तीस वर्षं छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब, कर आणि कर्जाची प्रकरणं बघतोय. बहुतेक अशील मशीद बंदर, लालबाग, दादर आणि वाशीच्या बाजारातले. मिरचीकडे येतोच, पण सुरुवात दलाल स्ट्रीटपासून करू द्या. हा बदल मी पहिल्यांदा पाहिला तो तिथे, आणि त्या वेळी मला तो अजिबात कळला नव्हता.

१९९३ साली मी एका शेअर दलालाकडे उमेदवारी करत होतो. मुंबई शेअर बाजाराच्या जीजीभॉय टॉवरमधल्या रिंगणात माणसं अक्षरशः एकमेकांच्या अंगावर चढून सौदे करायची. हाताच्या खुणा, आरडाओरड, खिशातल्या छोट्या वहीत पेन्सिलीने खरडलेले आकडे. संध्याकाळी दोन दलालांच्या वह्या एकमेकांशी जुळवायच्या, आणि त्या जुळल्या नाहीत की रात्रीपर्यंत भांडण. बाहेरच्या माणसाला भाव कळायचा तो दलाल सांगेल तो. रिंगणात सौदा ११२ ला झाला आणि घाटकोपरच्या गिऱ्हाइकाला ११४ ला लावला, तर त्याने ताडून बघायचं कशाशी? त्या दोन रुपयांवर माझ्यासारख्या चार पोरांचे पगार निघत होते.

नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने उपग्रहाच्या तबकड्या लावून पडद्यावर शेअरचे सौदे सुरू केले. वर्षभराच्या आत त्याची उलाढाल एकशे वीस वर्षं जुन्या मुंबई शेअर बाजाराच्या पुढे गेली. मार्च १९९५ मध्ये जुन्या बाजारानेही संगणक आणले आणि रिंगण शांत झालं. १९९६ पासून शेअरचे कागद डिमॅट व्हायला लागले, म्हणजे कागद जाऊन संगणकावर नोंद राहिली. पंधरवड्याने होणारा सौद्यांचा हिशेब, म्हणजे पैसे आणि शेअर हातात येणं, हळूहळू दोन दिवसांवर आणि जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरसाठी एका दिवसावर आला. अमेरिकेने एका दिवसाचा हिशेब सुरू केला मे २०२४ मध्ये, म्हणजे आपल्यानंतर. तंत्रज्ञान नेहमी तिकडून इकडे येतं असं मानणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

त्या काळात सगळे म्हणत होते की आता मधला माणूस संपला. रिंगणात उभे राहून दोन भाव बोलणारे जॉबर संपले, हे खरं. पण मधला माणूस काही संपला नाही. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती, २०२५ मध्ये ती वीस कोटींच्या पुढे गेली, आणि ही वीस कोटी खाती आणि बाजार यांच्या मध्ये आजही कुणीतरी आहेच. फक्त आता तो ॲप चालवतो, आणि दोन रुपयांच्या फरकाऐवजी त्याच्याकडे गिऱ्हाइकाची पूर्ण नोंद असते: काय घेतलं, कधी घाबरून विकलं, रात्री किती वाजता भाव बघितला. पूर्वी दलालाच्या वहीत सौदा असायचा. आता वहीत माणूस असतो.

मी जिथे जिथे हा बदल पाहिला तिथे हेच झालं. माल तोच, गिऱ्हाईक तेच, पैसेही बरेचसे तेच; वही मात्र एकाच्या गल्ल्याखालून निघून दुसऱ्याच्या हातात गेली. म्हणून कुणी मला विचारलं की डिजिटलमुळे माझ्या धंद्याचं काय होईल, तर मी उलट विचारतो की तुमची वही आज कोणाकडे आहे?

आता तुमचं दुकान. तुमच्या बाबांची खरी मालमत्ता गाळा नाही, डंकाही नाही. मालमत्ता आहे ती त्यांच्या डोक्यात. अमक्या काकूंच्या मालवणी मसाल्याला बेडगी किती, संकेश्वरी किती, त्रिफळं घालायची की नाही. आगरी घराला तिखट जास्त. सीकेप्यांचं प्रमाण वेगळं. कुणाला दगडफूल चालत नाही. कुणाचा मुलगा आखातात असतो म्हणून दोन किलो जास्त कुटायचा. मार्च-एप्रिलमध्ये बाई दुकानात आली की बाबा विचारतात, "मागच्या सारखाच ना वहिनी?" आणि विषय संपतो. ही माहिती जगातल्या कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर नाही. गंमत म्हणजे ती तुमच्याकडेही नाही. ती एका साठीच्या माणसाच्या आठवणीत आहे.

थोडं विषयांतर करतो. तुमचं गिऱ्हाईक ॲपमुळे गेलं असं तुम्ही लिहिलंय. मला ते पूर्ण पटत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, चाळी पडून टॉवर उभे राहिले, आणि लालबाग-परळची मराठी घरं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. गिऱ्हाईक तेव्हाच लांब गेलं. तरीही ते हंगामात गाडी पकडून लालबागला येतं, कारण मसाला तिथलाच हवा. टॉवरमध्ये जे नवे आले त्यांना दोनशे ग्रॅमची पुडी दहा मिनिटांत हवी असते, आणि ती द्यायला आसपासच्या गाळ्यांमधून मोठ्या कंपन्यांची गोदामं आहेत. त्यांच्याशी दहा मिनिटांची शर्यत लावू नका, ती तुम्ही हरणार. पण वर्षाचा पाच किलो मसाला कुणी दहा मिनिटांत मागवत नाही. तो विचार करून, उन्हं बघून, सासूला विचारून करतात.

म्हणून पहिलं काम: या हंगामात बाबांच्या शेजारी बसा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं प्रमाण लिहून घ्या. नाव, फोन, मसाल्याचा प्रकार, मिरच्यांचं वजन, खडा मसाला, भाजणी हलकी की खरपूस, किती किलो, कोणत्या महिन्यात. साध्या स्प्रेडशीटमध्ये लिहा, भारी सॉफ्टवेअर नको. गिऱ्हाइकाला विचारून नंबर घ्या आणि सांगा की पुढच्या वर्षी आठवण करू. माझे दोन अशील हे करतात. त्यांचा डोंबिवलीचा बराचसा धंदा आता फोनवर ठरतो: मागच्याच प्रमाणाने, पाच किलो, पैसे आगाऊ, डबा कुरियरने. दुकान तेच, नुसती वही लिहिलेली आहे.

आता पैशाकडे येऊ, कारण सर्वात खोल बदल तिथे झालाय. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत युपीआयची सुरुवात झाली तेव्हा मी स्वतः अशिलांना सांगत होतो की हे आपल्या बाजारात चालणार नाही. नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली आणि माझं भाकीत महिनाभरात कचऱ्यात गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार युपीआयवर झाले. आज भाजीवालीकडे सुट्टे मागितले तर ती क्यूआर कोडकडे बोट दाखवते.

जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून केलेल्या युपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. मग हे ॲपवाले फुकट का राबतात? कारण तुमच्या दुकानात रोज किती येतं, कोणत्या वारी येतं, पावसाळ्यात किती पडतं, हे त्यांना दिसतं. त्यावर ते कर्ज, विमा, जाहिरात विकतात. पैसे पोहोचवणं हा त्यांचा खर्च आहे, कमाई वही वाचण्यात आहे.

ही वही तुमच्याही कामाची आहे, हे मात्र फार कमी दुकानदारांच्या लक्षात येतं. बाबांना विचारा, हंगामाआधी मिरची भरायला पैसे कुठून आणायचे. मला जे ऐकायला मिळतं ते असं: ओळखीच्या माणसाकडून, महिना दोन टक्के. वर्षाचे चोवीस झाले. बँक देत नव्हती, कारण दुकानात पैसा येतो याचा कागदच नव्हता. आता दोन वर्षांची युपीआयची जमा आणि जीएसटीची विवरणपत्रं एवढ्यावर बँक खेळत्या भांडवलाचा विचार करते. सप्टेंबर २०२१ पासून अकाउंट ॲग्रिगेटर नावाची व्यवस्था सुरू आहे. तुम्ही मोबाइलवर संमती दिलीत की एका बँकेतली खात्याची माहिती दुसऱ्या बँकेला थेट जाते, झेरॉक्सचे गठ्ठे लागत नाहीत. संमती किती दिवसांची द्यायची ते तुम्ही ठरवायचं, आणि ती काढूनही घेता येते. माझ्या मते छोट्या दुकानाच्या बाबतीत या सगळ्या क्रांतीचा सर्वात मोठा फायदा कोणता असेल तर हा: व्याज खाली येणं. ऑनलाइन विक्री वगैरे नंतर.

पण वही उघडी असली की ती सगळ्यांनाच दिसते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात वाणिज्य कर खात्याने युपीआयच्या जमेवरून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या. बेंगळुरूत चहा-बेकरीच्या दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख आहे. अनेकांच्या खात्यात उसने पैसे, भिशी, मुलाने पाठवलेले पैसे, सगळं एकत्र होतं आणि त्यातली विक्री किती हे त्यांनाच सांगता येईना. म्हणून दुकानाचं खातं वेगळं आणि घरचं वेगळं, हे मी सांगून थकलो. तुम्ही तरी ऐका.

आणखी एक, हे माझ्या अशिलावर गुदरलेलं. मशीद बंदरचा कागदी डिश-पेल्यांचा घाऊक व्यापारी. अनोळखी गिऱ्हाइकाने युपीआयने ४,२०० रुपये दिले, माल नेला. तो पैसा कुणाच्या तरी ऑनलाइन फसवणुकीतून फिरत आलेला होता. दुसऱ्या राज्यात तक्रार झाली आणि बँकेने ४,२०० अडकवायचे सोडून सगळं खातंच गोठवलं. दिवाळीच्या तोंडावर. बँक म्हणे पोलिसांना विचारा, पोलीस म्हणे बँकेला ईमेल करा. पावती, माल नेल्याची नोंद, कॅमेऱ्याचं चित्रण जमवून खातं सुटायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून मी प्रत्येकाला दोन वेगळ्या बँकांत खाती ठेवायला सांगतो. क्यूआरचं खातं वेगळं ठेवायचं आणि संध्याकाळी त्यातली जमा दुसऱ्यात वळती करायची. गल्ल्यातली रोकड निदान कुणी लांबून कुलूप लावू शकत नव्हतं.

आता मोठ्या ऑनलाइन बाजारांविषयी, कारण तुम्ही तिथे दुकान उघडायचं म्हणताय. उघडा, पण ते काय आहे हे समजून. तिथे गिऱ्हाईक येतं, माल घेतं, तारे देऊन जातं. पण त्याचा फोन नंबर तुम्हाला मिळत नाही. ते गिऱ्हाईक त्या बाजाराचं आहे, तुमचं नाही. 'मालवणी मसाला' असं कुणी शोधलं तर वर कोण दिसेल हे पैसे देणारा ठरवतो. कमिशन, पॅकिंग, गोदाम, जाहिरात हे सगळं वजा जाता हातात काय उरतं ते पहिल्या महिन्यात दर किलोमागे मांडून बघा. मी पाहिलेल्या मसालेवाल्यांपैकी निम्म्यांनी हे वर्षभर मांडलंच नव्हतं. शिवाय तो बाजार तुमच्या विक्रीवर जीएसटीचा अर्धा टक्का आणि आयकराचा ०.१ टक्का आधीच कापून सरकारकडे भरतो. ते परत मिळतात, पण विवरणपत्रात मागावे लागतात.

एक अडचण तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. बाबा बहुधा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतील: दीड कोटीपर्यंतची उलाढाल, एक टक्का कर, तीन महिन्यांनी एक चलान, डोक्याला ताप नाही. छोट्या दुकानाला ती उत्तम आहे. पण त्या योजनेत राज्याबाहेर माल विकता येत नाही. सांगलीला पाठवा, चालेल. बेळगावला पाठवलं तर नियम मोडला. ऑक्टोबर २०२३ पासून अशा व्यापाऱ्यांना ऑनलाइन बाजारात विक्रीची मुभा आहे, तीही राज्याच्या आत. निर्यात तर दूरच. म्हणजे फोनवर जग एका बोटाच्या अंतरावर दिसतं, आणि तुमच्या नोंदणीची हद्द मात्र महाराष्ट्राच्या सीमेवर संपते.

न्यू जर्सीला मसाला पाठवायची तुमची कल्पना चांगली आहे, मागणी आहे. पण त्यासाठी निर्यातदाराचा कोड, अन्नसुरक्षेचा परवाना, मसाला मंडळाची नोंदणी आणि अमेरिकेच्या अन्न खात्याला आधी दिलेली सूचना हे सगळं लागतं. मसाल्यात इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक रसायनाचा अंश सापडला म्हणून एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने काही भारतीय पाकिटांची विक्री थांबवली. त्यानंतर हाँगकाँग आणि सिंगापूरला जाणाऱ्या मालाची तपासणी सक्तीची झाली, ती सगळ्यांसाठी, चूक कुणाचीही असो. आणि दुसरं: २०१६ पासून अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल बिनजकात जात होतं. जगभरच्या छोट्या ऑनलाइन दुकानांची अमेरिकेतली विक्री या एका सवलतीवर उभी होती. २९ ऑगस्ट २०२५ ला ती सगळ्या देशांसाठी बंद झाली. त्याच आठवड्यात आपल्या टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं थांबवली, कारण तिकडची जकात कोण गोळा करणार हेच ठरलेलं नव्हतं. सेवा १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात माझ्या एका अशिलाची फराळाची पार्सलं कार्यालयाच्या कोपऱ्यात पडून होती. वेबसाइट चालू, पैसे येतायत, चकली हलत नाहीये.

यावरून तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो, जगाच्या अर्थव्यवस्थेकडे. माहिती जवळपास फुकट आणि तत्काळ फिरायला लागली, माल मात्र अजून जहाजाने, कस्टममधून, ट्रकनेच जातो. या दोन वेगांमधल्या फटीत आजचं बरंचसं राजकारण चाललंय. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवलेल्या गोष्टींवर, म्हणजे सॉफ्टवेअर, संगीत वगैरेंवर, जकात लावायची नाही असं जागतिक व्यापार संघटनेत १९९८ मध्ये ठरलं. ती तात्पुरती स्थगिती होती, आणि मुदतवाढ मिळत मिळत पंचवीस वर्षं उलटली. भारताचा त्याला विरोध राहिला, कारण पूर्वी सीडीवर आलं की जकात मिळायची आणि आता तेच तारेतून आलं की काहीच नाही. आपण २०१६ मध्ये परदेशी कंपन्यांना दिलेल्या ऑनलाइन जाहिरातीच्या पैशावर ६ टक्के समकरण शुल्क लावून पाहिलं, अमेरिका नाराज झाली, आणि एप्रिल २०२५ पासून ते काढून टाकलं. कंपनीची कचेरी जिथे असते तिथे कर लावायची पद्धत जुनी आहे. वहीला कचेरी लागतेच कुठे?

आणि तार म्हणजे खरोखरची तार. वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालून येणाऱ्या केबल जमिनीवर चढतात. तिथून माहिती जाते ती ठाणे-बेलापूर पट्ट्यात. रबाळे-महापेला जिथे रसायनांचे आणि इंजिनिअरिंगचे कारखाने होते तिथे आता बिनखिडक्यांची डेटा सेंटर उभी आहेत. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेत सर्वात मोठा वाटा मुंबई परिसराचा आहे. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन केबल तुटल्या आणि इकडे आपलं इंटरनेट रडतखडत चालू लागलं, हे माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल.

त्याहून बोलकी गोष्ट २७ जून २०१७ ची. युक्रेनमध्ये कराचे हिशेब करायचं एक सॉफ्टवेअर आहे, आपल्याकडे दुकानदार वापरतात तसलंच. त्याच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा विषाणू पसरला. तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि न्हावा शेवा बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कोणता कंटेनर कुठे ठेवलाय हे सांगणारी यंत्रणाच गेली. क्रेन ठीक, माणसं हजर, बाहेर ट्रकच्या रांगा. कंपनीला चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. सगळ्या नोंदींची किल्ली म्हणावी असा सर्व्हर एका ठिकाणी वाचला होता: घानाच्या कार्यालयात, तिथली वीज त्या वेळी गेली होती म्हणून. त्यानंतर चारच दिवसांनी, १ जुलैला, आपल्याकडे जीएसटी सुरू झाला आणि देशातल्या नोंदणी झालेल्या व्यापाऱ्यांचे हिशेब एका पोर्टलवर आले. त्या आठवड्यात मी घरी जाऊन सगळ्या अशिलांच्या हिशेबांची एक प्रत हार्ड डिस्कवर घेतली आणि कपाटात ठेवली. अजूनही दर महिन्याला घेतो. बायको हसते.

मिरचीच्या भावाचंही सांगतो. पूर्वी बाबांना बेडगी मिरचीचा भाव कळायचा तो मशीद बंदरच्या व्यापाऱ्याच्या फोनवरून, आणि तो व्यापारी त्यात आपलं काय ते ठेवायचा. आता कर्नाटकातल्या ब्याडगीच्या बाजारात ई-टेंडरने लिलाव होतो आणि संध्याकाळपर्यंत भाव मोबाइलवर असतो. तुमच्याही आणि शेतकऱ्याच्याही. भावातल्या अज्ञानावर मिळणारा नफा संपला, दलाल स्ट्रीटच्या त्या दोन रुपयांसारखाच. पण मिरचीत ओल किती आहे, देठ किती, शीतगृहातला जुना माल नव्यात मिसळलाय का, हे पडद्यावर दिसत नाही. मूठभर मिरची उचलून तिचा आवाज ऐकणारा माणूस अजून लागतो. त्याची किंमत उलट वाढलीय, कारण बाकीची सगळी माहिती फुकट झाली.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी तुम्ही ओझरतं विचारलंय. तुमच्या डंक्याला तिचा धोका दिसत नाही. माझ्या कार्यालयाला दिसतो. खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या नोंदींशी जुळवायला माझ्याकडे चार जण होते, आता एक आहे आणि तोही अर्धा वेळ दुसरं काम करतो. डोंबिवलीत बसून ऑस्ट्रेलियातल्या दुकानांचे हिशेब लिहिणारी मुलं माझ्या ओळखीत आहेत. तारेमुळेच त्यांना ते काम मिळालं, आणि आता तेच काम यंत्राकडे सरकतंय. नोकरीच सुरक्षित असं मानून दुकान सोडू नका, एवढंच त्यातून तुमच्यासाठी. तुमची नोकरी कसली हे तुम्ही लिहिलेलं नाही.

भाड्याचा प्रश्न राहिला. बाबांचं म्हणणं मी वेड्यात काढणार नाही. लालबागच्या गाळ्याला आज जे भाडं मिळतं ते अनेक दुकानांच्या नफ्यापेक्षा जास्त आहे. म्हणून आधी खरा नफा काढा. बाबांनी आजवर स्वतःचा पगार कधी धरलेला नसेल. तो धरा, आईचाही, कारण हंगामात मिरच्यांचे देठ काढायला त्या बसतात हे तुम्हीच लिहिलंय. तुमचा पगार धरा. हातउसन्या पैशाचं व्याज धरा, आणि बाजूला तेच व्याज बँकेच्या दराने मांडा. मग हंगामाचे चार महिने आणि उरलेले आठ महिने वेगळे काढा. मला शंका आहे की आठ महिन्यांत दुकान जेमतेम खर्च भागवत असेल. तसं निघालं तर अर्धा गाळा भाड्याने देऊन डंका आणि वजनाची खोली ठेवता येते का ते बघा. रस्त्यावरची दर्शनी बाजू भाड्याला महाग असते, आणि डोंबिवलीहून फोन करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती लागत नाही.

हे आकडे मांडून मला पाठवा, मी बघतो. मात्र मार्चच्या आधी. कंपोझिशनमध्ये राहून महाराष्ट्रापुरतं विकायचं की बाहेर पडून बेळगाव-गोव्याच्या घरांना माल पाठवायचा, हे नवं आर्थिक वर्ष लागायच्या आत ठरलेलं बरं. एप्रिलमध्ये डंका सुरू झाला की बाबांना बोलायला फुरसत मिळणार नाही, आणि प्रमाणं लिहून घ्यायची वहीही तोवर हातात असायला हवी.